रकाना नववा

वलांडीच्या दवाखान्यात एकवीस वर्षं झाली मला.
सुरी मी धरतो, सही मॅडम करतात.
म्हशी, कालवडी, वीज पडलेल्या शेळ्या,
एकदा उरुसात आलेला उंट.
आधी कानातला बिल्ला कापून जपायचा,
विमेवाला बिल्ल्याला ओळखतो, जनावराला नाही.

आज बिल्ल्याविना आलेला पहिलाच:
खताच्या पोत्यात, लुनाच्या पायठेवीवर,
तांबडा, देशी, नर, वय अंदाजे दहा.
नमुन्यात नावाला जागा नाही.
शिवकांताबाईंनी तरी सांगितलं. कप्तान.

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
"शेजारच्या टोम्प्यानं घातलंय औषध.
चारचौघांत म्हणला होता,
बिस्किटातून देतो याला एक दिवस.
आठ दिवस झाले, घरचं तोंडाला लावलं नाही लेकरानं.
काढा मॅडम. बाटलीत भरा. लाख लावा.
ठाण्यात अर्ज देऊन आलेय मी."

विषाचा संशय असला की मीठ लागतं.
मिठाच्या घट्ट पाण्यात जठर, काळजाचा तुकडा,
मग लॅब, मग तारीख, मग पुढची तारीख.
कोपऱ्यावरून किलोभर खडं मीठ आणलं,
माझ्याच पैशानं.

लिंबाखाली शहाबादी फरशी.
हनुवटीपासून खाली एक सरळ रेघ.
पोट उघडलं तर रक्तच,
काळं, थंड, दोन तांबे भरतील एवढं.
मॅडमनी हात घातला
आणि पानथरी बाहेर काढली.
तिच्यावर गाठ, लिंबाएवढी, फुटलेली.
"विष नाही हे," म्हणाल्या.
"आतच वाढत होतं. पहाटे फुटलं.
फार वेळ कळलंही नसेल त्याला."

बाई गाठीकडे बघत राहिल्या.
"म्हणजे कुणीच नाही?"

या प्रश्नाला मॅडम नव्या आहेत. मी नाही.
वीज, साप, कोवळी ज्वारी,
काहीतरी नाव मिळालं की माणूस घरी जातो.
गाठीला शिवी देता येत नाही.

नियम म्हणून जठरही कापलं.
रिकामं असणार होतं.
भरलेलं होतं.
वेटोळी, बोटाएवढी, हुलग्याच्या पिठाची,
लसूण अजून नाकात जाईल असा.
शेंगोळे.

बाई दोन पावलं मागं सरल्या.
"माझ्या घरचे नाहीत हे. श्रावण चाललाय.
लसणाला हात नाही लावला मी."
मग पदर नाकाला लावला, मग काढला.
भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी येणारा वास
फरशीवर उघडा पडला होता.
टोम्पे, निलंगा डेपोचा कंडक्टर,
बायको गेल्यापासून
त्याला येतं एवढं एकच करायला.
जाडजूड वळतो. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

रकाना नववा: पोटातील अन्न.
मॅडमनी लिहिलं,
शिजवलेलं पीठ, अर्धवट पचलेलं, अंदाजे अर्धा किलो.
कुणी शिजवलं, ते विचारलेलं नाही.

टाके माझ्याकडे.
दाभणात नेहमीची सुतळी ओवली,
मग काढली,
नायलॉनचा दोरा घेतला. जवळजवळ घातले.

मीठ उरलं होतं. पिशवीच दिली त्यांना.
"खड्ड्यात टाका. दुसरी कुत्री उकरत नाहीत."
अर्जाचं त्यांनी काही काढलं नाही.
मीही नाही.

पेडल मारायला गेल्या आणि थांबल्या.
"किती होते हो?"
"चौदा, बाई. एक अर्धा."
"मोजले?"
"मोजले."

लुना देवणी रोडला लागली.
फरशी धुतली, सुरी उकळली,
साबण दोनदा लावला.
दुपारी डबा उघडला
तेव्हाही हाताला लसूण होता.